तुमी या पाहून

अकोला डेपोचे ड्रायव्हर श्रावण तायडे, म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, चिखलदऱ्याला किती वेळा गेले असतील हे डेपोलाही सांगता येणार नाही. शाळांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, बचत गटाच्या बाया, सगळ्यांना घेऊन ते घाट चढले. पण भीमकुंड त्यांनी पाहिलेलं नाही. सेमाडोहला गेले, तर जंगलातली वाट पाहिलेली नाही. जागा पाहून गाडी उभी करायची, मागच्या चाकाला दगड लावायचा, खाली उतरणाऱ्या लोकांकडे बघून हात हलवायचा आणि म्हणायचं, "तुमी या पाहून. मी गाडीपाशी हावो."

गाडीत लोकांचं सामान असतं. गाडी सरकारी, काच तडकली तरी उत्तर ड्रायव्हरला द्यावं लागतं. कंडक्टर फिरून येऊ शकतो, ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. हा नियम महामंडळाचा होता की त्यांचा स्वतःचा, हे मला आजवर कळलेलं नाही. एवढं खरं, की अंगावरची खाकी उतरली तरी नियम उतरला नाही.

आमच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. मी अमरावतीची. वऱ्हाड अकोल्याहून एसटी करून आलं होतं. भंतेजी त्रिशरण सुरू करायला बसले आणि नवरदेवाचे वडील सापडेनात. माझे काका मंडपभर शोधून रस्त्यावर गेले, तर नव्या सफारीतले मामाजी बसच्या पायरीवर बसलेले.

"अहो व्याही, तुमच्या मुलाचं लग्न लागतंय," काका म्हणाले.

"आलोच. ड्रायव्हर जेवाले गेला बिचारा. त्यानं बी जेवावं का नाई?"

आमच्या माहेरी ही गोष्ट अजून हसत सांगतात. मीही हसायचे. पण लग्नानंतर मी एम.ए.ला बसले तेव्हा त्यांचं थांबणं माझ्या वाट्याला आलं. परीक्षेचं केंद्र अमरावतीला. संघपाल, माझा नवरा, तेव्हा पुण्यात नोकरीला होता. प्रत्येक पेपरला मामाजी सुट्टी टाकून माझ्यासोबत आले आणि केंद्राबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिले. बाकीच्या मुली पेपर वाईट गेला की रडत बाहेर यायच्या. मला ती सोय नव्हती. फाटकातून बाहेर पडलं की समोर मामाजी डबा घेऊन उभे. "कसा गेला" असंही विचारायचे नाहीत. म्हणायचे, "पयले जेव." ती पदवी माझ्या नावावर आहे, पण तिच्यात निम्मी सावली त्या लिंबाची आहे.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं नाव केशरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. जेव्हा जेव्हा मामाजींच्या गाडीतून त्या कुठे गेल्या, तेव्हा परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या मागची जागा धरून त्यांना सगळं सांगायच्या. कुंडात पाणी किती होतं, कणसं कशी दिली, कोणत्या बाईची चप्पल दरीत गेली. मामाजी स्टिअरिंग धरून प्रश्न विचारायचे. "कठडा हाय का तिथी?" "पाण्याचा आवाज कुठवर येते?" ऐकून ऐकून ते चिखलदऱ्याचं वर्णन इतकं हुबेहूब करायचे, की नवीन माणसाला वाटावं, हा रोज कुंडावर तोंड धुतो.

संघपालची नोकरी पुढे आम्हाला कतारला, दोहा शहरात घेऊन आली. मोठमोठ्या इमारतींचे एसी सांभाळणाऱ्या कंपनीत तो आहे. दोन हजार बावीस साली तिथे फुटबॉलचा वर्ल्ड कप भरला आणि कंपनीनं सगळ्यांच्या गावी जायच्या रजा बंद केल्या. आम्हाला अकोल्याला जाता येईना, तेव्हा संघपालनं खटपट करून आईवडिलांनाच बोलावलं. फोन आत्याबाईंनी घेतला.

"मले फुटबॉल समजत नाई बावा. पन शहर पाहाले येतो. एक गोठ सांगून ठेवतो तुले. तुया बापाले तिथी गाडीतून खाली उतरोजो. एकटीनं मी लय पाह्यलं. आता डोये धड हायेत तवरक दोघांनी मिळून काईतरी पाहू."

"उतरवतो ना माय. त्यात काय मोठं हाय."

मोठं होतं.

विमानतळावर मामाजींनी आधी मला आशीर्वाद दिला आणि मग संघपालच्या कारच्या टायरला बुटाची एक लाथ. "हवा बरोबर हाय," म्हणाले आणि पुढे बसले. मागे आत्याबाई ज्वारीचं पीठ आणि तिखटाचा डबा मांडीवर घेऊन, कारण डिकीत ठेवलं तर सांडेल.

शहर तेव्हा ओळखू येत नव्हतं. एवढ्या उंच इमारती आम्ही रोज बघायचो, पण आता त्यांच्यावर इमारतीएवढ्या खेळाडूंची चित्रं होती. रस्त्यात कोण कुठल्या देशाचं कळेना. गालांवर झेंडे रंगवलेले, डोक्यावर शिंगं लावलेले, ढोल घेतलेले. आत्याबाई कारच्या काचेला नाक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय ध्यानं हायेत एकेक." पण प्रेमानं.

पहिल्याच सुट्टीला संघपाल आम्हाला कटाराला घेऊन गेला. समुद्राकाठी दगडी रंगमंच आहे, कबुतरांचे मनोरे आहेत, हिंडायला छान जागा. गाडी पार्किंगमध्ये लागली. आम्ही उतरलो. मामाजी उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि पुन्हा आत बसले.

"तुमी या पाहून."

"बाबा, हे कार हाय, बस नाई," संघपाल म्हणाला. "लॉक केली का झालं."

"लॉक तं येष्टीलेबी होतं."

"इथी कोनी चोऱ्या करत नाई."

"मंग तं चांगलंच झालं. निवांत बसतो."

आत्याबाई पुढे चालू लागल्या. आम्ही परत आलो तेव्हा मामाजी गाडीत नव्हते. पलीकडे प्रेक्षकांना आणणाऱ्या बसगाड्या उभ्या होत्या, तिथे ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभे राहून आपल्या हिंदीत सांगत होते, "हमारे घाट में ऐसा मोड़ आता, के कंडक्टर बी आँख मिटता." दोन केरळचे, एक पाकिस्तानचा, सगळे हसत होते. कुणीतरी त्यांना चहा पाजला होता. मला वाटलं, यांचं शहर पाहणं हेच, तर असू दे. पण आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तसं म्हणता आलं नाही.

त्या दिवशी परतताना नेहमीसारखं त्यांनी मागून सांगितलं, कबुतरं, समुद्र, दगडी पायऱ्या. मामाजींनी विचारलं, "पायऱ्या उंच हायेत का?" त्या म्हणाल्या, "हायेत." तेवढंच.

पुढच्या सुट्टीला सूक वाकिफ, म्हणजे दोह्याचा जुना बाजार. मातीच्या रंगाच्या भिंती, मसाल्याच्या गोण्या, पिंजऱ्यातली पाखरं, आणि त्या दिवसांत तर गल्लीगल्लीतून गाणी म्हणत फिरणारे लोक. मामाजी गाडीपाशी. आम्ही परत आलो, गाडी सुरू झाली, आणि त्यांनी मान जरा मागे वळवली.

"कसं हाय?"

आत्याबाईंनी तोंड काचेकडे फिरवलं.

"काहो, सांगत काहून नाई?"

"पाह्यलं मी," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या डोयानं पाह्यलं. तुमाले पाहाचं असन तं तुमाले बी देल्ले हायेत दोन."

मामाजी माझ्याकडे वळले. "भावना, पाखराचा बाजार हाय म्हणते तिथी. ससाणे विकते म्हणते. खरं हाय का?"

मी तोंड उघडलं आणि आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. "गर्दी फार होती मामाजी, मला नीट दिसलं नाही," मी म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. ज्या माणसानं माझ्यासाठी लिंबाखाली दिवस काढले, त्याला मी एक ससाणासुद्धा सांगू शकले नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

स्वयंपाकघरात भाकरी थापताना आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगू सांगू मीच त्याईले बसवून ठेवलं. घरपोच मिळते तं कोन उठते." तव्यावरची भाकरी उलटली. "आता आमाले जायाले किती दिवस राह्यले? असंच होईन वाट्टे. या वर्ल्ड कपाच्या गावाले येऊन बी मी एकटीच पाहून जाईन."

निघायच्या दोन दिवस आधी संघपालला अचानक ड्यूटी लागली आणि तो गाडी घेऊन गेला. समुद्राकाठचा मोठा रस्ता, ज्याला तिथे कॉर्निश म्हणतात, तेवढा पाहायचा राहिला होता. स्पर्धेपुरता तो रस्ता वाहनांना बंदच होता, तिथे मेट्रोनं जायचं आणि पायी फिरायचं. आत्याबाई आणि मी तयार झालो. मामाजी दारात उभे.

"गाडी नाई तं मी काय करू?"

"घरी बसा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी बूट घातले. "एवढ्या गर्दीत दोघी बाया कशा जासान. पोचवून देतो."

आमच्या अल वक्राच्या स्टेशनवर मेट्रो आली. पाहुण्यांच्या कार्डावर प्रवास फुकट होता, त्याचं मामाजींना कौतुक वाटलं. आत शिरल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ड्रायव्हर कुठी बसते?"

"ड्रायव्हर नाही मामाजी. ही आपोआप चालते."

मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. ते गर्दीतून वाट काढत पार पुढच्या टोकाला गेले. तिथे मोठी काच आहे, समोर रूळ दिसतात, आणि खुर्ची नाही, स्टिअरिंग नाही, माणूस नाही. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

"अन् काई झालं तं?" शेवटी विचारलं.

"कंट्रोल रूममधून बघतात सगळं."

"कंट्रोल रूम म्हंजे डेपो. डेपोले काय समजते."

आधी गाडी उघड्यावरून चालली, नंतर जमिनीखाली शिरली. मामाजी त्या काचेपाशीच. त्यांच्या दोन्ही बाजूंना लाल जर्सी घातलेले पाहुणे गाणं म्हणत होते आणि मामाजींचा उजवा पाय प्रत्येक स्टेशन आलं की ब्रेक दाबत होता. आत्याबाईंनी मला कोपर मारून तो पाय दाखवला. रागात होत्या, तरी हसू दाबत होत्या.

आमचं स्टेशन आलं. दार उघडताच गर्दीचा लोंढा सुटला आणि आम्ही दोघी त्याच्याबरोबर बाहेर फेकल्या गेलो. फलाटावर पाय टेकून मी वळले, तर मामाजी आपल्या जागीच. त्यांनी हात वर केला, अगदी चिखलदऱ्याला करतात तसा. आवाज ऐकू आला नाही, पण ओठ कळले.

तुमी या पाहून.

आणि दार लागलं.

गाडी सुटली तेव्हाचा त्यांचा चेहरा मला काचेतून दिसला. आयुष्यात पहिल्यांदा गाडी त्यांना न विचारता निघाली होती.

त्यांचा मोबाईल घरी चार्जिंगला. भाषा येत नाही, शहर माहीत नाही, आणि सगळ्या जगातली माणसं त्या एका शहरात उतरलेली. मी संघपालला फोन लावायला लागले. तो लागेना.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "घाबरू नोको. तो मानूस गाडी सोडत नाई. गाडी परत येईन का?"

"येईल. शेवटच्या स्टेशनवरून फिरून पलीकडच्या फलाटावर येईल."

"मंग तिथी जाऊन बसू."

आम्ही पलीकडे जाऊन बाकावर बसलो. गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीचं दार उघडलं की आत्याबाई उठून उभ्या राहायच्या, बाहेर पडणाऱ्या जर्स्या, टोप्या, झेंडे यांच्यातून पांढरा शर्ट शोधायच्या, आणि दार लागलं की बसायच्या. वर रस्त्यावर ढोल वाजत होते, त्यांचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही वर जाऊन पाहून या थोडं. मी थांबते इथं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कशी जाऊ?" मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वाट पाहनं लय वंगाळ काम हाय भावना. त्याईनं एवढे वर्स हेच केलं. अन् मी वरून तिखट-मीठ लावून सांगे, का किती मजा आली म्हून."

आणखी एक गाडी आली, आणि पार शेवटच्या दारातून मामाजी उतरले. घामेजलेले होते, पण चेहरा घाबरलेला नव्हता. बसता बसताच बोलू लागले.

"आखरी स्टेशनवर सगये उतरले. मी थांबलो. एक मानूस आला, तिथंच कामाले, नेपायचा. मनोज नाव हाय त्याचं. म्हणे, बाबूजी उतरिये. मी म्हणलं, मैं गाडी के पास रुकता. तो हासला. म्हणे, इस गाड़ी के पास कोई नहीं रुकता बाबूजी. चलिए, चलिए."

"मंग?" आत्याबाई.

"मंग गेलो. सरकत्या जिन्यानं वरवर नेलं त्यानं. दुरून स्टेडियम दाखवलं, सोन्याच्या कटोऱ्यासारखं दिसते. उभा राह्यला माह्या संग. मी म्हणलं, घरवाली समुंदरवाले रस्ते पे उतरी. मंग खाली आनून इकडच्या गाडीत बसवून देल्लं अन् एका मद्रासी मानसाले सांगितलं, याईले इथी उतरोजा." मामाजींनी रुमालानं मान पुसली. "इतक्या वर्सात कोनी म्हणलंच नाई मले, चला म्हून."

ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. मनोज कसा भला माणूस होता ते सांगत होते. पण मी मनात शोधत राहिले. आम्ही त्यांच्यासाठी गाडीत चहा पाठवला होता, कणसं पाठवली होती, डबा नेऊन दिला होता. संघपालनं वाद घातला होता, आत्याबाईंनी टोमणे मारले होते. मी तर काहीच नव्हतं केलं. चला, असं साधं कुणीच म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की ड्रायव्हर गाडीपाशी असतो.

आत्याबाई उठल्या. पदर नीट केला.

"चला," म्हणाल्या.

मामाजींनी सवयीनं मागे वळून पाहिलं. गाडी केव्हाच निघून गेली होती. ते उठले.

वर आलो तर संध्याकाळ होत होती. एवढा रुंद रस्ता, आणि त्याच्यावर एकही गाडी नाही, नुसती माणसं. मामाजी आधी फुटपाथ सोडेनात. रस्त्यावर उतरायचं झालं की उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघत. आत्याबाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना ओढत रस्त्याच्या मधोमध नेलं. तिथे पांढरा पट्टा होता. मामाजी त्या पट्ट्यावर उभे राहिले, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "केशर, रस्ता खालून असा दिसते मले माहीतच नव्हतं."

"कसा?"

"मोठा."

मग दोघं चालत राहिले. मी मुद्दाम चार पावलं मागे. समुद्रात लाकडी होड्या दिवे लावून उभ्या होत्या, पलीकडे काचेच्या इमारती पेटल्यासारख्या चमकत होत्या. कुठल्याशा देशाची मंडळी गोल करून नाचत होती. त्यांच्यातल्या हिरव्या केसांच्या एका व्यक्तीनं आत्याबाईंच्या हातात कागदी झेंडा दिला आणि मामाजींच्या गळ्याभोवती हात टाकून फोटो काढला. मामाजी फोटोत ताठ उभे आहेत, परवान्यावरच्या फोटोसारखे. आत्याबाई त्यांच्याकडे बघताहेत.

घरी आल्यावर संघपालनं दारातच विचारलं, "काय काय पाह्यलं?"

दोघं एकदम बोलू लागले आणि एकदम थांबले. कारण आत्याबाईंच्या म्हणण्यानुसार होड्यांवर हिरवे दिवे होते, आणि मामाजींनी निळे पाहिले होते.

"निये कुठचे? हिरवे होते."

"मी तिथीच उभा होतो."

"मी काय झाडावर होतो?" आत्याबाई म्हणाल्या.

संघपाल माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या घरात आजवर पाहून आलेलं माणूस एकच असायचं. जे सांगितलं जाईल ते खरं, त्याला दुसरा साक्षीदार नव्हता. आता दोन होते. मी पोळ्या लाटायला आत गेले, कारण मला हसू आणि रडू बरोबर येत होतं, आणि जेवायला बसलो तरी बाहेर दिव्यांचा निकाल लागलेला नव्हता.

ते दोघं आता अकोल्यात असतात. मध्यंतरी दोघं चिखलदऱ्याला जाऊन आले, बसनं, तिकीट काढून. कुंडावरून काहीतरी मोठं भांडण झालं म्हणे, कठडा उजवीकडे की डावीकडे. पण दोह्याचं भांडण अजून संपलेलं नाही. फोन आला की विचारपूस होते, जेवणखाणाचं विचारून होतं, आणि मग मामाजी घसा साफ करतात.

"भावना, तूच सांग. ते हिरव्या केसाचं बाई होती का बाप्या?"

मागून आत्याबाईंचा आवाज. "बाईच होती. इचार तिले. तिनं माह्या हातात झेंडा देल्ला, हात नरम होता."

"माह्या गयात हात टाकला त्यानं. बाई टाकीन का?"

मला चांगलं आठवतं. पण मी सांगत नाही. म्हणते, मामाजी, मी तेव्हा पाण्याची बाटली घ्यायला गेले होते. मग ते दोघं मला विसरून एकमेकांशी बोलू लागतात, आणि मी फोन कानाशी धरून ऐकत राहते.